अवजड शीतयंत्रांचा सागरप्रवास : पोटातला अर्धा बार

अमोनियाचा स्क्रू कॉम्प्रेसर, तेलाचा सेपरेटर, कंडेन्सर आणि त्यांना जोडणारे पाइप एका पोलादी स्किडवर बसवले की संच तयार होतो. अंधेरीच्या एमआयडीसीतून किंवा मुलुंड-भांडुपच्या एखाद्या शेडमधून तो न्हावा शेव्याच्या वाटेला लागतो, तेव्हा त्याच्या पोटात अमोनियाचा थेंबही नसतो. असतो तो कोरडा नायट्रोजन, साधारण अर्धा बार दाबाने. साखळ्या, टर्नबकल आणि ट्रेलरवरची बांधणी हा या लेखांकाचा ठरलेला विषय होता. पण घाटकोपरहून एका वाचकाने विचारले आहे, की गॅस इथेच भरून पाठवला तर तिकडच्या माणसांचे काम वाचणार नाही का? उत्तर त्या नायट्रोजनपाशीच सापडते आणि त्याला एक अख्खा लेखांक देणे योग्य आहे. बांधणी पुढच्या आठवड्यात.

गॅस न भरण्याचे पहिले कारण अगदी साधे. स्किड म्हणजे पूर्ण शीतचक्र नव्हे. शीतगृहातले कूलर आणि तिथवर जाणारे पाइप परदेशातल्या जागेवरच जोडले जातात. इथे भरलेला गॅस तिथे आधी काढावा लागेल. दुसरे कारण नियमांचे. समुद्रमार्गे जाणाऱ्या धोकादायक मालाच्या वर्गवारीत अमोनियाचा यूएन क्रमांक १००५ आहे आणि तो २.३ या विषारी वायूंच्या वर्गात येतो. जोडीला क्षरणकारक असल्याची खूणही लागते. बिनविषारी आणि न पेटणारा गॅस असलेल्या शीतयंत्रांना २८५७ हा वेगळा क्रमांक आहे. त्यात १२ किलोपेक्षा कमी गॅस असेल तर यंत्र या नियमांतून सुटते, म्हणून छोटा चिलर गॅससकट रवाना होऊ शकतो. अवजड अमोनिया संचाला ही सवलत नाही.

मग यंत्र रिकामेच, फ्लँज बंद करून का पाठवू नये? कारण ‘रिकामे’ यंत्र रिकामे नसते, त्यात मुंबईची हवा असते. जुलैत ३० अंश तपमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाण्याची वाफ असते. पाच अंशांवर तेवढीच हवा सातेक ग्रॅमच धरून ठेवते. म्हणजे दोन घनमीटर पोकळी असलेला संच थंड बंदरात पोचेपर्यंत आत जवळजवळ ३८ ग्रॅम पाणी दवासारखे साचते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ते पाणी एका जागी थांबत नाही. रोटरच्या घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर आणि बेअरिंगच्या कडांवर त्याचा पातळ थर बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

टोप्या सैल असतील तर हानी वाढते. दिवसा कंटेनर तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री ती आकसते आणि समुद्राची खारी हवा आत ओढली जाते. महिनाभर हे रोज चालते. आत अर्धा बार जादा दाब असला की फटीतून नायट्रोजन बाहेर जाईल, पण हवा आत येणार नाही. या नायट्रोजनची खरी किंमत इथे आहे. तो वर्ग २.२ चा वायू असला तरी इतक्या कमी दाबाला धोकादायक मालाचे नियम लागू होत नाहीत, त्यामुळे कागदपत्रांचे ओझेही वाढत नाही.

नायट्रोजन नुसता सोडून भागत नाही. आधी व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढायची, मग कोरड्या नायट्रोजनने व्हॅक्यूम मोडायचा. कंडेन्सरची पाण्याची बाजू याहून दुर्लक्षित राहते. चाचणीचे पाणी नळ्यांत उरले आणि यंत्र हिवाळ्यात उत्तरेकडच्या गोदामात पडून राहिले, तर पाणी गोठून नळी फुटते. सांताक्रूझला नोंदलेला आजवरचा नीचांक ७.४ अंशांचा, २२ जानेवारी १९६२ चा. उपनगरातल्या फिटरने उघड्यावर पाणी गोठलेले कधी पाहिलेलेच नाही. म्हणून निचऱ्याचा प्लग उघडून कोरड्या हवेने नळ्या फुंकून काढणे हे काम तपासणीच्या यादीत लिहिलेलेच हवे, आठवणीवर सोडता कामा नये.

आता गेज. यंत्र पोचल्यावर घेणारा पहिल्यांदा त्याकडेच पाहतो आणि वाद तिथेच पेटतो. मुंबईत ३२ अंशांना ०.५ बार दाखवणारे गेज पाच अंशांच्या गोदामात सुमारे ०.३७ दाखवेल. गळती झालेली नसते. वायू थंड झाला की बंद भांड्यातला दाब उतरतो, एवढेच. हिशेब मात्र निरपेक्ष दाबाने आणि निरपेक्ष तपमानाने करायचा : दीड बारला २७८ ने गुणून ३०५ ने भागले की १.३७ येतात, त्यातून वातावरणाचा एक बार वजा करायचा. जहाजाच्या डेकवर उन्हात पेटी ६० अंशांपर्यंत तापली, तर तेच गेज ०.६४ वर गेलेले दिसेल. गेज शून्यावर असेल तर मात्र गळती झालीच म्हणून समजावे आणि जोडणीपूर्वी आतली तपासणी करावी.

अर्धा बार किरकोळ समजून फ्लँज थेट उघडणेही चूक. ३०० मिलिमीटर व्यासाच्या झाकणावर तेवढा दाब सुमारे ३६० किलोचा रेटा देतो. आधी व्हॉल्व्ह उघडून दाब सोडायचा, तोही मोकळ्या जागी. बंद खोलीत नायट्रोजन साचला तर प्राणवायू कमी पडतो आणि माणसाला त्याचा वासही येत नाही.

गेजशेजारच्या टॅगवर बहुतेक ठिकाणी फक्त दाब आणि तारीख लिहिलेली असते. संच पाठवणाऱ्यांनी तिथे तिसरी नोंद जरूर करावी : दाब भरला त्या वेळचे तपमान. तेवढ्या एका आकड्यावर समुद्रापलीकडचा फिटर गळती आहे की नाही, ते पाच मिनिटांत ठरवू शकतो.