द्राक्षबागेतला अमोनिया

नाशिकच्या तांबट लेनमध्ये किंवा भांडी बाजारात ज्यांनी कल्हई होताना पाहिली आहे, त्यांना अमोनियाचा वास ठाऊक आहे; नाव कदाचित माहीत नसेल. तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड पडली की पांढरा धूर उठतो आणि नाकात झणका जातो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेनं तो फुटतो, त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू निघतात, भांड्यावरचा काळा थर सुटतो आणि कथील धातूला घट्ट धरतं. गोठ्यातला उग्र दर्प सोडला, तर या शहराची अमोनियाशी जुनी ओळख एवढीच. आज मात्र तो जिल्ह्याच्या शेतीच्या दोन्ही टोकांना आहे. द्राक्षवेलाच्या मुळाशी जाणाऱ्या नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, उगम अमोनियात असतो. आणि तोडलेला घड युरोपच्या वाटेला लागण्याआधी ज्या थंड खोलीत थांबतो, तिथल्या पाइपांतून अनेक ठिकाणी अमोनियाच फिरत असतो.

नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन, एवढाच हा रेणू. पण तो तयार करणं रसायनशास्त्राला शंभरेक वर्षं जमलं नव्हतं. अडचण नायट्रोजनच्या टंचाईची नव्हती. हवेत तो ७८ टक्के आहे. निफाड किंवा दिंडोरीतल्या एक एकर बागेच्या डोक्यावरच्या हवेचा हिशेब मांडला, तर सुमारे ३० हजार टन नायट्रोजन तिथे उभा आहे. त्यातला एक किलोही वेलाला थेट घेता येत नाही. हवेत नायट्रोजनचे अणू जोडीनं राहतात आणि त्या जोडीत तिहेरी बंध असतो, निसर्गातल्या सर्वांत चिवट बंधांपैकी एक. तो तोडण्याचं काम डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू करतात, थोडंफार आकाशातली वीज करते. द्राक्षाच्या मुळांवर अशा गाठी नसतात.

हा बंध तोडणारं यंत्र जर्मनीत घडलं. कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत फ्रिट्झ हाबर यांनी जुलै १९०९ मध्ये प्रचंड दाबाखाली नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र आणून अमोनियाचे थेंब टपकवून दाखवले. त्यांचा उत्प्रेरक होता ऑस्मियम, जगात अगदी मोजका मिळणारा धातू. कारखान्यासाठी तो निरुपयोगीच. बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या घेऊन पोटॅशियम, ॲल्युमिना यांची जोड दिलेलं साधं लोखंड शोधून काढलं. कार्ल बॉश यांच्यापुढचा पेच वेगळा होता. तापलेला हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन टाकी, भट्टी ठिसूळ होई आणि फुटे. त्यांनी आतून मऊ लोखंडाचं अस्तर दिलं आणि बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक छिद्रं पाडली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन बाहेर निघून जाईल. सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि शेतासाठी बांधलेली ही व्यवस्था दारूगोळ्यासाठी राबू लागली. त्याच हाबर यांनी युद्धात क्लोरीनचा विषारी वायूही वापरायला लावला. जगाला अन्न देणाऱ्या शोधाला हा काळा डाग चिकटलेलाच आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही.

नाशिकला येणाऱ्या नत्राचा एक मोठा उगम अलिबागजवळ आहे, थळ-वायशेत इथे. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफ, ही सरकारी कंपनी १९७८ मध्ये भारतीय खत महामंडळाच्या पुनर्रचनेतून स्वतंत्र झाली. तिचा जुना कारखाना चेंबूरजवळ ट्रॉम्बेला आहे. मुंबई हायचा वायू हाती आल्यावर समुद्राच्या पलीकडे थळला १९८० च्या दशकात नवा, कितीतरी मोठा प्रकल्प उभा राहिला. मुंबईच्या इतक्या जवळ एवढा रासायनिक कारखाना नको, असा विरोधही तेव्हा जोरात झाला होता. आज थळला वर्षाला सुमारे २० लाख टन युरिया बनतो. ‘उज्ज्वला’ युरिया आणि ‘सुफला’ ही आरसीएफची नावं राज्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ओळखीची आहेत.

थळसारख्या कारखान्यात अमोनिया कसा होतो, ते पायरीपायरीनं पाहण्यासारखं आहे. आधी नैसर्गिक वायूतला गंधक काढून टाकतात, कारण गंधकाचा अंशही पुढच्या उत्प्रेरकांना मारतो. मग हा वायू वाफेबरोबर निकेल भरलेल्या उभ्या नळ्यांतून जातो. नळ्या भट्टीत ८०० अंशांच्या आसपास तापलेल्या असतात. मिथेन फुटून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. पुढच्या भट्टीत हवा सोडली जाते. तिच्यातला ऑक्सिजन जळतो, तापमान हजार अंशांपर्यंत जातं, आणि हवेतला नायट्रोजन आपोआप मिश्रणात येतो. त्यासाठी वेगळी खरेदी नाही, वेगळी टाकी नाही.

यापुढचं काम सफाईचं. कार्बन मोनॉक्साइडची वाफेशी क्रिया घडवून आणखी हायड्रोजन मिळवतात, कार्बन डायऑक्साइड धुऊन वेगळा काढतात. उरतात एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन. कॉम्प्रेसर त्यांना वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाबाला नेतो आणि चारशे-पाचशे अंशांवर हे मिश्रण लोखंडाच्या उत्प्रेरकावरून जातं. इथे रसायनशास्त्राची एक ओढाताण आहे. चार रेणूंचे दोन होतात, म्हणून दाब वाढवला की अमोनिया जास्त बनतो. क्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणून थंडावा दिला तरी जास्त बनला पाहिजे. पण थंडाव्यात लोखंड कामच करत नाही. त्यामुळे मधलं तापमान धरावं लागतं आणि एका फेरीत जेमतेम १५ ते २० टक्के वायूचाच अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात, उरलेला वायू पुन्हा फिरवतात. हाबर यांनी मेजावर हाच फेरा मांडला होता. शंभरहून अधिक वर्षांनंतरही कारखान्यांना त्याहून सोपी वाट सापडलेली नाही, ही गोष्ट त्या मूळ कल्पनेची ताकद सांगते.

थळला आरसीएफच्या शेजारीच जड पाण्याचा कारखाना आहे, १९८७ पासून. हायड्रोजनमध्ये ड्यूटेरियम हा त्याचा जड भाऊ अत्यल्प प्रमाणात मिसळलेला असतो. अमोनियाच्या कारखान्यातला वायू आधी इकडे वळवून त्यातला ड्यूटेरियम अमोनियाच्याच मदतीनं वेगळा काढतात आणि वायू खतासाठी परत देतात. अणुभट्ट्यांना लागणारं जड पाणी खताच्या वायूतून निघतं, हे नाशिकच्या फार थोड्या शेतकऱ्यांना माहीत असेल.

दरम्यान, वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड वाया जात नाही. तो अमोनियाशी जोडला की युरिया होतो. एक टन युरियाला सुमारे ५७० किलो अमोनिया लागतो. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २५-२६ किलो अमोनिया बांधलेला असतो. पूर्वी गोणी ५० किलोची होती, २०१८ पासून ती ४५ ची झाली. रेल्वेच्या वाघिणींतून खत नाशिकरोडच्या मालधक्क्यावर उतरतं, तिथून ट्रकनं तालुक्यांना जातं.

द्राक्ष बागाईतदार युरियावर थांबत नाही. ठिबकच्या टाकीशी त्याची भाषा आकड्यांची असते: बारा एकसष्ट, एकोणीस एकोणीस, तेरा शून्य पंचेचाळीस, झिरो बावन्न चौतीस. पहिला आकडा नत्राचा. बारा एकसष्ट म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, अमोनिया आणि फॉस्फरिक ॲसिड यांचा संयोग. तेरा शून्य पंचेचाळीस आणि कॅल्शियम नायट्रेट यांतलं नत्र सहसा नायट्रिक ॲसिडमधून येतं, आणि ते ॲसिड अमोनिया जाळूनच बनवतात. पिशवी कुठल्याही कंपनीची असो, पहिला आकडा शून्य नसेल तर मागे बहुधा कुठेतरी अमोनियाचा कारखाना उभा आहे. पाण्यात विरघळणाऱ्या खतांमुळे बागाईतदारांना ‘महाधन’ हे नाव परिचित आहे. ते विकणाऱ्या दीपक फर्टिलायझर्सच्या समूहानं तळोज्याला वर्षाला ५ लाख टन क्षमतेचा नवा अमोनिया प्रकल्प २०२३ मध्ये सुरू केला.

इतक्या खटाटोपानं पकडलेला नायट्रोजन शेतात हातातून निसटतो, आणि नाशिकच्या जमिनीत तर फार सहज. इथली काळी, चुनखडीयुक्त जमीन अल्कधर्मी आहे. युरिया वर फेकला, नीट मातीआड झाला नाही, तर जमिनीतलं युरिएज हे विकर त्याचा पुन्हा अमोनिया करतं आणि अल्कधर्मी मातीतून तो वायू होऊन उडतो. काही भाग नायट्रेट बनून पाण्याबरोबर विहिरीकडे सरकतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. आणखी थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. तापमानवाढीत त्याचा वजनी किलो कार्बन डायऑक्साइडच्या किलोपेक्षा सुमारे २७० पट जड. ठिबकमधून थोडं थोडं, मुळाजवळ खत देण्याची नाशिकची पद्धत या बाबतीत खरोखर चांगली आहे.

वेलालाही नत्राचा अतिरेक सोसत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होत असते. त्या काळात नत्र जास्त झालं तर वेल फुटव्याच्या मागे लागतो, घड कमी धरतात. ऑक्टोबर छाटणीनंतर दाट, लुसलुशीत पालवीवर केवडा आणि भुरी हे रोग लवकर येतात. मण्यांत पाणी उतरल्यावर नत्र चालूच राहिलं तर मणी नरम पडतो, टिकत नाही. कांद्याचंही तेच: उशिरा दिलेल्या नत्रानं मान जाड राहते आणि चाळीत कांदा सडतो.

घड तोडल्यानंतर अमोनियाचं दुसरं काम सुरू होतं. निर्यातीचा माल पॅकहाउसमध्ये येतो, खराब मणी कात्रीनं काढले जातात, पेट्या भरतात आणि त्या प्रीकूलिंगच्या खोलीत जातात. काही तासांत मण्याचं तापमान चार अंशांखाली आणायचं असतं, मग शून्याच्या आसपास साठवण. १९९१ मध्ये सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स ही निर्यात संस्था उभी केली, तेव्हा हीच शिस्त मराठी बागाईतदारांना नवी होती. सुरुवातीच्या वर्षांत युरोपात माल नाकारला जाण्याचे चटके बसले आणि त्यातून प्रीकूलिंगचं मोल कळलं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास लांबला, आणि पहिल्या दिवशी किती नीट थंड केलं याला आणखी महत्त्व आलं.

अमोनिया उणे ३३ अंशांवर उकळतो. उकळताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो, आणि किलोमागे इतकी ओढतो की फ्रिऑन आर-२२ या जुन्या शीतकाला ते सहाव्या हिश्श्यानं जमतं. एक टन द्राक्षं ३० अंशांवरून २ अंशांवर आणायची, तर ८० ते १०० किलो अमोनियाची वाफ व्हावी लागते. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो, कंडेन्सर पाण्याच्या मदतीनं तिचा पुन्हा द्रव करतो, आणि तोच अमोनिया हंगामभर फिरत राहतो. ओझोनच्या थराला त्याचा अपाय शून्य. आर-२२ भारतातून २०३० पर्यंत हद्दपार व्हायचा आहे, त्यामुळे कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात यंत्रात घातलेला हा जुना वायू पुन्हा भविष्याचा ठरतो आहे. यंत्रणेत तांबं, पितळ मात्र चालत नाही. ओलसर अमोनिया तांब्याला खातो, म्हणून सगळे पाइप पोलादी.

अमोनियाचा धोका खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया झाला की माणसानं तिथून ताबडतोब बाहेर पडायला हवं. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी, तरी द्रव एकदम सांडला तर थंड धुकं जमिनीलगत पसरतं. जुने ऑपरेटर गंधकाची कांडी पेटवून सांध्यांजवळून फिरवतात. गळती असेल तिथे पांढरा धूर दाट होतो. पाणी अमोनियाला फार झपाट्यानं शोषतं, म्हणून पाण्याचा फवारा आणि ओलं फडकं ही पहिली मदत. वारा कुठून येतो ते पाहून आडवं किंवा वाऱ्याच्या उलट दिशेनं निघावं. श्वसनाचा मास्क कॉम्प्रेसरच्या खोलीत कुलूपबंद नको, दाराबाहेर हवा. शीतगृहात काम करणाऱ्या प्रत्येक मजुराला, नुसत्या ऑपरेटरला नव्हे, हे शिकवणं मालकाचं कर्तव्य आहे.

जगात वर्षाला सुमारे १८ कोटी टन अमोनिया बनतो, त्यातला सुमारे ७० टक्के खतासाठी. ऊर्जाक्षेत्रातून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा एक टक्क्याहून जास्त आहे. पाण्याचं विद्युत विघटन करून मिळवलेल्या हायड्रोजनपासून हरित अमोनिया करण्याचे प्रयत्न देशात सुरू झाले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. तोवर भारतीय कारखान्यांचा बराचसा वायू परदेशातून येतो. नीमलेपित युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, उरलेला मोठा भार सरकारी तिजोरी उचलते. ही किंमत ठेवण्यामागचा हेतू चांगला आहे. पण तिच्यामुळे युरिया स्वस्त वस्तू वाटतो आणि मूठ सैल सुटते. खताच्या दुकानात युरियाबरोबर नको असलेली उत्पादनं गळ्यात मारणारं लिंकिंग चालतं, ते वेगळंच. त्याविरुद्ध तक्रार करायला शेतकऱ्यांनी कचरू नये.

नाशिकच्या बागाईतदारांना एकच विनंती. नत्राचा हिशेब गोण्यांवर करू नका, किलोवर करा: ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र असतं. आणि ते किती द्यायचं हे शेजारच्या बागेवरून ठरवू नका. खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी पाचव्या पानाचा देठ आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ तपासून घ्या, सोबत मातीचा नमुनाही द्या. अहवाल हातात आल्यावरच टाकीत खत सोडा.