मुंबईच्या नांवाचें रक्त

आनुवंशिकतेसारख्या गहन विषयावर बोलण्याचा माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तराला अधिकार तो काय, अशी शंका आपल्यापैकीं कोणाच्या मनांत आली तर तींत गैर कांहीं नाहीं. मात्र या विषयानें एकदां मला माझ्याच वर्गांत तोंडघशीं पाडलें आहे, आणि ज्या विषयांत मनुष्य एकदां तोंडघशीं पडतो तो विषय पुढें त्याचा पिच्छा सोडीत नाहीं. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतों.

मी रोडपालीस राहतों. पनवेलजवळचें हें गांव माझ्या लहानपणीं भातशेतीचें होतें. आज त्याच्या चहूंबाजूंस नवी मुंबईच्या उंच इमारती उभ्या आहेत. सेवानिवृत्त होण्यापूर्वीं चार-पांच वर्षें आमच्या शाळेंत एकदां मुलांचे रक्तगट तपासण्यांत आले व प्रत्येकाला एक एक पत्रिका मिळाली. मला हुरूप आला. मुलांना घरून आई-वडिलांचे गट विचारून आणावयास सांगितलें, आणि दुसऱ्या दिवशीं फळ्यावर कोष्टक काढून मीं मोठ्या दिमाखानें म्हटलें, “आई ओ गटाची आणि बाप ए गटाचा असेल तर मूल ए किंवा ओ होईल. बी कधींच होणार नाहीं. दोन आणि दोन चार इतकें हें निश्चित आहे.” मागल्या बांकावरचा एक मुलगा हातांतल्या पत्रिकेकडे पाहात राहिला. त्याचा गट बी होता, आईचा ओ, वडिलांचा ए.

तिसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. आवाज चढविला नाहीं. एवढेंच म्हणाली, “गुरुजी, पोरगा रात्रीं जेवला नाहीं. त्याचे वडील कांहीं बोलले नाहींत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.”

श्रोतेहो, चाळीस वर्षांच्या नोकरींत मला इतकें ओशाळें वाटल्याचें स्मरत नाहीं. मीं त्या दोघांना बरोबर घेऊन फेरतपासणी करविली. वडिलांची पत्रिका फार जुनी व चुकीची होती. त्यांचा गट बीच निघाला. प्रकरण मिटलें. परंतु तेथील रक्तपेढींतील डॉक्टरांनीं माझी सारी हकीकत ऐकून घेतली आणि हंसून म्हटलें, “गुरुजी, ‘कधींच नाहीं’ हे शब्द फळ्यावर लिहीत जाऊं नका. निदान मुंबईच्या आसपास तरी नको.” त्यांच्या या बोलण्याचा अर्थ समजून घेण्यांत माझे पुढचे कित्येक महिने गेले.

आपल्या देहांतील बहुतेक पेशींच्या केंद्रांत धाग्यांसारख्या अतिसूक्ष्म वस्तु असतात. रंग दिल्यावर त्या सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतात, म्हणून त्यांना रंगसूत्रें म्हणत. आतां गुणसूत्रें हा शब्द रूढ आहे. मनुष्याच्या पेशींत त्यांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एक सूत्र आईकडून आलेलें, एक वडिलांकडून. (जुन्या पुस्तकांत हीं सूत्रें अठ्ठेचाळीस म्हणून दिलेलीं आढळतात. १९५६ सालीं त्यियो व लेव्हान या दोघांनीं स्वीडनमध्यें तीं नीट मोजलीं तेव्हां शेहेचाळीस भरलीं. तीस वर्षांहून अधिक काळ जगांतले विद्वान दोन जास्त मोजीत होते, हें कळल्यापासून बेरीज चुकणाऱ्या मुलांवर मी रागावत नाहीं.) या सूत्रांवर चार अक्षरांच्या लिपींत मजकूर लिहिलेला असतो. त्यांतला जो तुकडा एखादें प्रथिन कसें घडवावें हें सांगतो त्याला जनुक म्हणावयाचें. प्रथिनाला आपण कारागीर समजूं: मजकूर बरोबर असेल तर कारागीर कामाचा, मजकुरांत चूक असेल तर तो हात बांधून बसलेला.

आतां रक्तगटांकडे वळूं. १९०१ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लॅंडस्टायनर यानें दाखविलें कीं एका मनुष्याच्या रक्तद्रवांत दुसऱ्याच्या तांबड्या पेशी टाकल्या तर कांहीं वेळां त्यांचे पुंजके होतात, कांहीं वेळां होत नाहींत. यावरून ए, बी, ओ हे गट ठरले. एबी हा चौथा गट लवकरच सांपडला. हे गट आई-वडिलांकडून नेमके कोणत्या रीतीनें येतात हें १९२४ मध्यें बर्नस्टाइन या जर्मन गणित्यानें उलगडलें. मीं फळ्यावर काढलेलें कोष्टक त्याच्याच हिशेबावर उभें आहे, आणि लक्षावधि कुटुंबांना तें बिनचूक लागू पडतें. मग डॉक्टर हंसले कां?

एक घरगुती दाखला घेतों. तांबड्या पेशीचा पृष्ठभाग म्हणजे एक भिंत समजा. त्या भिंतीवर खुंट्या आहेत. ए गटाच्या मनुष्याच्या खुंटीवर टोपी टांगलेली असते, बी गटाच्या खुंटीवर पगडी. एबी गटांत कांहींवर टोप्या, कांहींवर पगड्या. ओ गटांत खुंटी मोकळीच. परीक्षक येतो तो भिंतीवर टोपी-पगडी आहे कीं नाहीं एवढेंच पाहतो. कांहींच दिसलें नाहीं तर ‘ओ’ असें लिहून मोकळा होतो. आतां असें एखादें घर कल्पा कीं तेथें टोपीहि आहे, पगडीहि आहे, पण भिंतीला खुंटीच नाहीं! टांगणार कशावर? परीक्षकाला भिंत रिकामी दिसते आणि तो याहि घराला ‘ओ’ म्हणूनच नोंदवितो.

ही खुंटी म्हणजे ‘एच’ नांवाचें द्रव्य. पेशीवरील शर्करांच्या सांखळीच्या टोंकाला फ्यूकोज नांवाच्या शर्करेचा एक कण जोडला म्हणजे ती तयार होते. हा कण जोडणारा कारागीर ज्या जनुकापासून मिळतो तें जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. टोपी आणि पगडी, म्हणजे ए आणि बी यांच्या शर्करा टांगणाऱ्या कारागिरांचें जनुक मात्र नवव्या गुणसूत्रावर आहे. दोघांचीं घरें निराळीं, म्हणून एकाचा वारसा दुसऱ्यावर अवलंबून नाहीं. माझें कोष्टक फक्त नवव्या सूत्राचा हिशेब मांडीत होतें. एकोणिसाव्या सूत्रावरची खुंटी आहेच असें तें मुकाट्यानें धरून चालत होतें.

ही खुंटी नसलेलीं माणसें प्रथम ओळखलीं गेलीं तीं मुंबईंत. रक्त देण्याची गरज असलेल्या रोग्यांचें रक्त तपासतांना असें आढळलें कीं त्यांच्या पेशी ओ गटासारख्या वागतात खऱ्या, पण त्यांच्या रक्तद्रवांत ए, बी तर सोडाच, ओ गटाच्या पेशींचेहि पुंजके होतात. ज्याला कोणाचेंहि रक्त चालत नाहीं असा हा ओ गट कोठला? डॉ. वाय्. एम्. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच्. एम्. भाटिया यांनीं लंडनमधील सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स या तज्ज्ञांच्या साहाय्यानें त्याचा छडा लावला आणि १९५२ च्या मे महिन्यांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत तो प्रसिद्ध केला. त्या गटाला आपल्या शहराचें नांव पडलें. १९९५ सालीं शहराचें इंग्रजी नांव बदललें, पण रक्ताचें ‘बाँबे’ कायम राहिलें. जगांतील कोणत्याहि रक्तपेढींत आज तें याच नांवानें ओळखतात.

या माणसांना रोग कांहींच नसतो. खुंटीवांचून त्यांचें कोठें अडत नाहीं. तीं तुमच्याआमच्याइतकींच धडधाकट असतात. अडतें तें रक्त घेण्याची वेळ आली म्हणजे. ज्या देहानें जन्मापासून खुंटी पाहिली नाहीं त्याला खुंटी हीच शत्रु वाटते. अशा मनुष्याला ओ गटाचें रक्त दिलें तर त्याचा रक्तद्रव त्या परक्या पेशींवर तुटून पडतो, आणि तें जिवावर बेतूं शकतें. ओ गट सर्वांना चालतो असें आपण शाळेंत घोकलेलें असतें. या लोकांना तोहि चालत नाहीं. त्यांना चालतें फक्त त्यांच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचें रक्त.

आतां ज्या मातेपासून मीं सुरुवात केली तिच्याकडे पुन्हां येतों. समजा, एखाद्या बाईच्या नवव्या सूत्रावर बीचें जनुक आहे, पण एकोणिसाव्या सूत्रांच्या जोडीवर खुंटीचीं दोन्ही जनुकें निकामी आहेत. तपासणींत ती ओ ठरेल. तिचा नवरा ए गटाचा, खुंटी शाबूत असलेला. मुलाला आईकडून पगडी मिळाली आणि वडिलांकडून खुंटी. पगडी लागलीच खुंटीवर चढली आणि मूल बी किंवा एबी ठरलें! कोष्टक म्हणेल हें अशक्य आहे, शेजारी-पाजारी कुजबुजतील, आणि आई तर सर्वस्वीं निर्दोष. हें माझ्या कल्पनेंतलें नाहीं. १९५५ सालीं अमेरिकेंत फिलिप लेव्हिन व त्यांचे सहकारी यांनीं असेंच एक कुटुंब शास्त्रीय पत्रांत प्रसिद्ध केलें: आई वरकरणीं ओ, वडील ए, आणि अपत्य एबी. आईच्या देहांत तिच्या वाडवडिलांकडून आलेला बी न दिसतां वसत होता आणि अपत्याच्या देहांत तो प्रकट झाला. आजकाल पितृत्वाचा निर्णय रक्तगटावरून करीत नाहींत, गुणसूत्रांवरील मजकूरच वाचतात, हें एका परीनें बरेंच झालें.

त्या मजकुरांतील चूक किती लहान असावी? आपल्याकडील बाँबे गटाच्या माणसांत जी चूक विशेषेंकरून सांपडते ती एका अक्षराची आहे. खुंटीच्या जनुकांतील ७२५ व्या जागीं ‘टी’ हें अक्षर असावें तेथें ‘जी’ पडलें आहे. त्यामुळें कारागिराच्या ३६५ मण्यांच्या माळेंतील २४२ वा मणी बदलतो, ल्यूसीनच्या जागीं अर्जिनीन येतो, आणि कारागीर निकामी होतो. खुद्द ओ गटहि पुष्कळदां असाच घडलेला असतो: यामामोतो व सहकारी यांनीं १९९० मध्यें दाखविल्याप्रमाणें तेथें नवव्या सूत्रावरचें एक अक्षर गळालेलें असतें, आणि वाक्यांतील एक अक्षर गळून पुढचीं सारीं एक एक घर मागें सरकलीं तर जसा अनर्थ होईल तसा पुढील मजकूर निरर्थक होतो. एवढ्याशा चुकीनें जगांत सर्वांत अधिक आढळणारा रक्तगट निर्माण व्हावा, याचें मला अजूनहि नवल वाटतें.

मुंबईकडे हा गट सुमारें दहा हजारांत एकाला असतो असें धरतात. युरोपांत दहा लक्षांत एक. दहा हजारांत एक म्हणजे नगण्य, असें मात्र समजूं नये. जरा गणित करूं. दोन्ही जनुकें निकामी असण्याचा संभव दहा हजारांत एक, म्हणजे एक जनुक निकामी असण्याचा संभव त्याचें वर्गमूळ, शंभरांत एक. प्रत्येकाजवळ जनुकें दोन. तेव्हां एक चांगलें व एक निकामी बाळगणारीं माणसें ढोबळ मानानें पन्नासांत एक पडतात. माझ्या एका वर्गांत एखादें तरी असेलच! त्यांची खुंटी एका चांगल्या जनुकावर निभावून जाते, म्हणून त्यांचें त्यांनाहि ठाऊक नसतें. असे दोघे विवाहबद्ध झाले तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला बाँबे गट येण्याचा संभव चारांत एक. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल कित्येक घराण्यांत आहे. तेथें एका पणजोबांचें निकामी जनुक दोन वाटांनीं एकाच पणतवाकडे येऊं शकतें. हा गट आपल्याकडे अधिक आढळण्याचीं जीं कारणें देतात त्यांत जवळच्या नात्यांतील विवाह हें एक आहे.

याच हिशेबानें बाँबे गटाच्या रोग्यासाठीं रक्त शोधावयाचें तें प्रथम सख्ख्या भावंडांत, कारण परक्यांत दहा हजारांनंतर एक लागतो तो तेथें चारांतला एक असूं शकतो. परंतु त्यासाठीं रोग्याचा गट आधीं ओळखला गेला पाहिजे. ए आणि बीच्या दोन थेंबांनीं केलेल्या वरवरच्या तपासणींत तो ओ म्हणूनच निसटतो. रोग्याचा रक्तद्रव घेऊन त्यांत ओ गटाच्या पेशी टाकून पाहिल्या तर पुंजके होतात आणि गुपित बाहेर पडतें. युरोपांतील एका पिवळ्या फुलांच्या कांटेरी झुडपाच्या बियांचा अर्क खुंटीलाच नेमका चिकटतो; त्यानेंहि खात्री करतां येते. रक्त देण्यापूर्वीं दात्याचें व रोग्याचें रक्त एकत्र मिसळून पाहण्याचा जो नियम आहे तो या लोकांचा शेवटचा पहारेकरी होय, आणि घाईच्या प्रसंगीं आपण ‘ओ आहे ना, चढवा लवकर’ म्हणून डॉक्टरांच्या मागें लागतों तेव्हां त्याच पहारेकऱ्याला दूर सारूं पाहतों. परळ येथें १९५७ सालीं रक्तगटांच्या अभ्यासासाठीं एक केंद्र निघालें. तेंच आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून काम करीत आहे, आणि दुर्मिळ गटाच्या दात्यांची नोंद तेथें ठेवतात. आपल्या कुटुंबांत कोणाचा गट ओ असूनहि रक्त जुळत नाहीं असें कोणा डॉक्टरांनीं कधीं सांगितलें असेल, तर त्या माणसाची आणि त्याच्या भावंडांची तपासणी अडचण येण्यापूर्वींच करून घ्यावी.

तो मुलगा पुढें दहावी झाला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मीं दरवर्षीं तें कोष्टक फळ्यावर काढलें, परंतु मुलांना घरून गट विचारून आणावयास पुन्हां सांगितलें नाहीं. आणि कोष्टकाच्या खालीं खडूनें एक ओळ लिहूं लागलों: ‘हें सर्व, भिंतीला खुंटी आहे असें धरून.’ मग कोणीतरी हात वर करून विचारीच, “गुरुजी, खुंटी म्हणजे काय?”