शकुंतलेचा सिग्नल : जतन नेमके कशाचे?

राळेगाव हा यवतमाळ जिल्ह्यातील कापसाचा तालुका. शकुंतला रेल्वेचे रूळ येथवर कधी आले नाहीत. तरीही या भागातील व्यापाराचा इतिहास त्या अरुंद रुळांना वगळून सांगता येत नाही. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर, तेथून मुंबईस आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत जावा, याच हेतूने या मार्गाची उभारणी झाली.

किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची स्थापना केली. मूर्तिजापूरहून एक शाखा कारंजा व दारव्हामार्गे यवतमाळपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर धावे, तर दुसरी अचलपूरपर्यंत सुमारे ७६ किलोमीटर. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारी झाल्या, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून येथे धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. त्यानंतर डिझेल इंजिन आले. पुढे टप्प्याटप्प्याने दोन्ही शाखांवरील गाड्या थांबल्या. अखेरच्या काळात मोजके कर्मचारीच इंजिन सोडवणे, सिग्नल देणे आणि तिकिटे विकणे अशी सारी कामे हाताने करीत.

या मार्गावरील काही सिग्नलांवर ‘लिव्हरपूल, १८९५’ अशी अक्षरे असल्याचे अनेकांनी नोंदविले आहे. अशा सिग्नलाची रचना साधी, परंतु विचारपूर्वक केलेली असते. खांबावरील हात आडवा असेल तर गाडीने थांबावे आणि खाली झुकला तर पुढे जावे. ‘सिग्नल पडला’ हा आपला नित्याचा शब्दप्रयोग याच हाताने दिला. दांडा ओढला की तार ताणली जाते आणि हात झुकतो. तार मध्येच तुटली तर वजनाच्या योजनेमुळे हात आपोआप आडवा होतो. यंत्र बिघडले, तरी ते गाडीला थांबण्याचीच आज्ञा देते. शंका आली की व्यवहार थांबवावा, हा सावध पेढीचा नियम येथे लोखंडात उतरलेला दिसतो.

पूर्ण बंदोबस्त असलेल्या स्थानकांत सांधे आणि सिग्नल परस्परांशी बांधलेले असतात. सांधा योग्य बाजूस बसून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल पडत नाही. बँकेचा लॉकर ग्राहक व बँक यांच्या दोन किल्ल्यांवाचून उघडत नाही, तसाच हा प्रकार. एकाच माणसाच्या स्मरणशक्तीवर शेकडो जीव सोपवू नयेत, हे त्यामागील तत्त्व होय.

स्थानकाच्या इमारतीचेही तसेच. तेथे केवळ उतारू चढत-उतरत नसत. माल तोलला जाई व बिल्टी फाटे. कायद्याने रेल्वेची बिल्टी हा मालाच्या हक्काचा दस्तऐवज आहे. गाठी अद्याप वाघिणीत असतानाच त्या कागदावर सौदा होई आणि कर्जही मिळे. आडवळणाच्या स्थानकाची खिडकी अशा रीतीने दूरच्या बाजारपेठेशी जोडलेली असे.

म्हणूनच जतन म्हणजे केवळ भिंतींना रंग देणे नव्हे. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवावयास घेतली. रूळ दुरुस्त करणे, गाडी चालविणे व तिकिटे देणे ही कामे ते शिकले आणि ती रेल्वे आजही धावते. आपल्याकडे २०१९ च्या पावसाने उद्ध्वस्त झालेला नेरळ-माथेरान मार्ग २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. वापरात राहिलेली वस्तू टिकते. कारण तिला तेल देणारा, तिची तार ताणणारा माणूस टिकतो.

शकुंतलेपुढील प्रश्न अधिक अवघड आहे. मार्ग ब्रॉडगेज व्हावा, ही विदर्भाची मागणी रास्तच आहे. राळेगावशेजारच्या कळंबपर्यंत वर्ध्याहून नवा ब्रॉडगेज मार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची सोय कोण नाकारील? परंतु रुंदीकरण म्हणजे जुने सारे भंगारात, असे समीकरण असण्याचे कारण नाही. कारंजा अथवा दारव्हा येथील एखादे स्थानक, त्यालगतचे थोडे रूळ आणि हाताने पडणारा एक सिग्नल चालत्या स्थितीत राखता येईल. मात्र तो निर्णय रूळ उखडण्यापूर्वी व्हावयास हवा. लिलावात गेलेले लोखंड परत येत नाही.

या कार्यात व्यापारी कुटुंबांचाही वाटा असू शकतो. घरातील जुन्या पेट्यांत बिल्ट्या, बीजके, भाड्याच्या पावत्या आणि वह्या पडून असतील. कोणत्या स्थानकावरून कोणता माल, किती भाड्याने गेला, हे त्यांतून समजते. ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावीत आणि सांभाळून ठेवावीत. स्थानक पुन्हा उभे राहिले, तर तेथे काय चालत असे, हे सांगणारे कागद आपल्याच घरी सापडतील.