घडीचा दरवाजा: चौकट कशाची घ्यायची?

वणीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. नव्या घरात हॉल आणि पडवीच्या मध्ये १० फुटी घडीचा दरवाजा करायचाय. वडील म्हणतात सागवान, मिस्त्री म्हणतो ॲल्युमिनियम, दुकानदार यूपीव्हीसी दाखवतोय. रोज वाद! घ्यायचं काय?

आधी वजन बघू. घडीच्या दरवाजात पल्ले एकमेकांना जोडलेले असतात, एक वाकला की सगळे अडतात. १० फुटांत ४ पल्ले, प्रत्येकी अडीच बाय ७ फूट. ५ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. म्हणजे एका पल्ल्यात जवळपास २० किलो नुसती काच!

आता सागवान. दिसायला तोड नाही, उन्हात चटका देत नाही. पण कुठलंही लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आटतं. नीट वाळवलेलं सागवान कमी हलतं, पण हलतंच. एका पल्ल्यात ते चालून जातं. ४ पल्ल्यांत थोडंथोडं साठतं आणि ऐन श्रावणात दरवाजा मिटत नाही.

यूपीव्हीसीला वाळवी नाही, गंज नाही, बाहेरची उष्णताही आत कमी येते. पण ते नरम असतं, म्हणून आत स्टीलची पट्टी घालतात. ती आहे का, हे विचाराच! शिवाय ते तापलं की वाढतं. ३ मीटर लांबी आणि ३० अंशांचा फरक धरला, तर यूपीव्हीसी ५-६ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम फक्त २. जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार आठवा, एवढा फरक आपल्याकडे सहज पडतो.

ॲल्युमिनियम बारीक सेक्शनमध्येही ताठ राहतं, म्हणून घडीच्या रुंद दरवाजाला तेच बरं. खोट एकच, ऊन थेट लागलं की तापतं. पण पडवीचं छप्पर असेल तर तो प्रश्न बराचसा सुटतो. आणि हो, ओल्या सिमेंटने त्यावर कायमचे डाग पडतात. प्लास्टर झाल्यावरच बसवा.

मग वडिलांचं सागवान? मुख्य दरवाजाला! तिथे एकच पल्ला, तिथे ते शोभतं आणि टिकतं. खिडक्यांना पांढरं यूपीव्हीसी घ्या, गडद रंग जास्त तापतो.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. दरवाजा वरच्या ट्रॅकला टांगणार असाल तर सगळं वजन लिंटेलवर येतं. ते थोडं जरी खाली झुकलं, तरी महागातली चौकटसुद्धा अडकणार. म्हणून लिंटेल भरायच्या आधीच इंजिनिअरला सांगा. लिंटेल आधीच भरून झालंय? मग खालच्या ट्रॅकवर चालणारा दरवाजा विचारा. फक्त तो ट्रॅक रोज झाडायचा, आणि पाणी जायला त्याला भोकं हवीत.

तर आज घरी हा भाग वडिलांना ऐकवा. सागवानही येतंय म्हटल्यावर ते ऐकतील!