आधार आपला, दंड सरकारचा
सातपुड्यातल्या काठीतही सिमकार्ड घ्यायचे तर बहुतेक जण आधारच पुढे करतात. ही माहिती म्हणजे कंपनीकडे ठेवलेली अमानतच. ती फुटली तर?

अमेरिकेत २०२१ मध्ये टी-मोबाइलकडून सुमारे ७.६६ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ग्राहकांनी सामूहिक दावे लावले. २०२२ मध्ये कंपनीने ३५ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. आपल्या २०२३ च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती गेली, तो कोरडाच!

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५ मात्र सारखीच तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकालाही दाद मागू देते. काठीकरांसाठी जिल्हा आयोग नंदुरबारला आहे. रिचार्जच्या पावत्या जपा, अम्मीच्या नावावरच्या सिमच्यासुद्धा.