योद्धा सुलतान आणि जिल्फिदान

मस्कतमध्ये ओमान व झांझिबारचे राज्यकर्ते सय्यद सईद बिन सुलतान यांचे नाव आम्ही त्यांच्या आरमारामुळे ऐकतो. त्यातील ‘लिव्हरपूल’ ही युद्धनौका तर मुंबईत बांधलेली. १८५६ साली समुद्रावरच निवर्तलेल्या या योद्ध्याचा वंश मात्र दासींच्या पोटी वाढला. ओमानच्या गादीवर आलेला थुवैनी आणि झांझिबारचा माजिद, दोघेही दासीपुत्र. त्यांची बहीण सलमा हिने १८८६ साली जर्मन भाषेत आत्मकथन प्रसिद्ध केले, म्हणून तिची आई जिल्फिदान आज नावानिशी ठाऊक आहे: आईवडिलांची हत्या झाल्यावर कॉकेशसमधून पळवून आणलेली सर्केशियन बालिका. त्याच ग्रंथात सलमा गुलामगिरीची पाठराखण करते, हे आम्हा बाबासाहेबांच्या अनुयायांस बोचते. ओमानमधून ती प्रथा कायद्याने गेली १९७० साली.