धातू तोच, वागणूक वेगळी

एखादा विद्यार्थी लँथेनाइड आणि संक्रमण धातूंच्या कॉम्प्लेक्सवर संशोधन करतो असे चंद्रपूर-गडचिरोलीत सांगितले, की ऐकणाऱ्याला सुरजागडचे लोहखनिज किंवा चंद्रपूरचा फेरोमँगनीजचा कारखाना आठवतो. या संशोधनाला ना खाण लागते ना भट्टी. कॉम्प्लेक्स म्हणजे मधोमध धातूचा आयन आणि त्याला इलेक्ट्रॉनच्या जोड्या देऊन धरून ठेवणारे रेणू किंवा आयन, म्हणजे लिगँड. आपल्या जंगलातल्या हिरड्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह एकत्र आले की काळी शाई होते. आवळा लोखंडी कढईत काळा पडतो, तोही याच कारणाने. कॉम्प्लेक्सची ही बांधणी आल्फ्रेड वर्नर यांनी 1893 मध्ये उलगडली आणि 1913 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

लँथेनाइडना ‘रेअर अर्थ’ म्हणतात, म्हणून ते दुर्मिळ असतील असे वाटते. पण पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळपास तांब्याइतके आहे, आणि थुलियमसारखे विरळ लँथेनाइडही चांदीपेक्षा जास्त आहे. अडचण वेगळे करण्याची आहे, कारण हे धातू रासायनिकदृष्ट्या जुळ्या भावंडांसारखे आहेत. त्यांना एकमेकांपासून सोडवतानाही योग्य लिगँडच कामी येतो.

‘जड धातू म्हणजे विष’ हा समज अर्धा खरा आहे. गॅडोलिनियम या लँथेनाइडचा सुटा आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाएवढा असल्याने शरीरात कॅल्शियमच्या कामात अडथळा आणतो. तोच आयन लिगँडच्या घट्ट पकडीत बांधला, की एमआरआयच्या वेळी शिरेतून देता येतो आणि बहुतांशी लघवीवाटे निघून जातो. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर मात्र धोका उरतो, म्हणून ही माहिती डॉक्टरांना आधीच सांगावी.

आपल्या भागात सर्वांत महागात पडणारा गैरसमज सिकलसेल या रक्ताच्या आजाराबद्दलचा आहे. अंगात रक्त कमी, म्हणजे लोह कमी, म्हणून लोहाच्या गोळ्या घ्या, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. हिमोग्लोबिनमधले हीम हे लोहाचे कॉम्प्लेक्सच आहे. लोहाला चार बाजूंनी नायट्रोजन धरतात, पाचवी जागा प्रथिनातल्या हिस्टिडिनची आणि सहाव्या जागी ऑक्सिजन बसतो. सिकलसेलमध्ये ही बांधणी शाबूत असते. दोष प्रथिनात असतो: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. मग ऑक्सिजन सुटल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. हा रेणूचा आजार आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले. लोहाची गोळी हा दोष दुरुस्त करू शकत नाही. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्यांच्या शरीरात तर आधीच लोह साचलेले असू शकते. काही रुग्णांत लोहाची खरी कमतरताही असते, पण ते तपासणीनेच कळते. सिकलसेलच्या माणसाने मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, ही कळकळीची विनंती.

आणखी एक समज संशोधनाच्या बातम्यांमधून पसरतो: कॉम्प्लेक्सने प्रयोगशाळेतल्या बशीतले जिवाणू मारले, म्हणजे औषध सापडले. बशीत तो पदार्थ लावलेल्या चकतीभोवती जे स्वच्छ वर्तुळ उमटते, त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात. त्यातून एवढेच कळते, की त्या बशीत वाढ थांबली. विदर्भातला संत्रा बागायतदार मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतो ते तांबे बुरशीला मारते म्हणूनच. तेव्हा तांब्याच्या कॉम्प्लेक्सचे श्रेय ठरवण्याआधी नुसता तांब्याचा क्षार, नुसता लिगँड आणि नुसते द्रावक, तिन्ही वेगळे तपासावे लागतात. या तीन तपासण्या ज्या प्रबंधात नाहीत, त्याचा दावा माझ्या मते अपुरा आहे.

खरे औषध झालेही आहे. प्लॅटिनमच्या कॉम्प्लेक्समुळे जिवाणूंचे विभाजन थांबते हे बार्नेट रोझेनबर्ग यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून पुढे आलेल्या सिसप्लॅटिनला अमेरिकेत कर्करोगावरचे औषध म्हणून 1978 मध्ये मान्यता मिळाली. तोच प्लॅटिनम, तेच दोन क्लोराइड एकमेकांसमोर आणि दोन अमोनिया एकमेकांसमोर बसवले, की ट्रान्सप्लॅटिन होते, आणि ते कर्करोगावर उपयोगी पडत नाही. म्हणून ‘अमुक धातूचे औषध’ असा मथळा दिसला, तर तो धातू कशाशी आणि कसा बांधला आहे आणि चाचणी बशीत झाली की माणसांवर, हे आधी विचारा.